काचेखालची वेणी

तो ब्रोच आपल्या जुन्या रुपयाएवढा होता. कडेनं काळं मीनाकाम, त्यावर सोन्याची बारीक रेघ, मधोमध किंचित फुगीर काच. काचेखाली एक इवलीशी वेणी गोल वळवून बसवलेली होती. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो काळ्या रेशमाचा गोफ वाटला. त्यानंतर काही वर्षांनी एका जुन्या दागिन्यांच्या प्रदर्शनात मी तसलेच दागिने काचेच्या कपाटात मांडलेले पाहिले. अंगठ्या, लॉकेटं, केसांच्याच विणलेल्या साखळ्या. इंग्लंडात एके काळी माणूस गेलं की त्याच्या केसांचे असे दागिने करून अंगावर घालत. मी त्या कपाटापुढे दोन मिनिटंसुद्धा उभा राहू शकलो नाही. सोबतच्यांना वाटलं मला किळस आली.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. ही गोष्ट मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे. मुलीला तिची तिची बाजू माहीत आहे, आणि तीच चुकीची आहे.

आम्ही जपानात निशी-कसाईला राहायला गेलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. पुण्याहून त्या काळात माझ्यासारखे पुष्कळ जण तिकडे जात होते, कुणी बँकेच्या प्रोजेक्टवर, कुणी विमा कंपनीच्या. मला क्लायंटच्या ऑफिसात बसवलं होतं. जायची वेळ ठरलेली, यायची नाही. बायको पुण्यात कॉलेजात शिकवत होती. तिकडे तिनं एका कारखान्यात जेवणाचे डबे भरायचं काम धरलं, दुपारी तीन ते आठ. त्या वेळात मुलगी शेजारच्या आजींकडे असायची.

आजी आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून एकट्या राहत. सत्तरी उलटलेली. नवरा जहाजावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांना एकच मुलगी झाली होती आणि ती सात वर्षांची व्हायला थोडे दिवस उरले असताना आजारपणात गेली होती. आमच्या मुलीला सांभाळायचं त्यांनी आपणहून विचारलं होतं. आमची पोर त्यांना बाचान म्हणायची, म्हणजे आजीच.

चार वर्षांत मुलगी त्या घरची झाली. ती जपानी शाळेत जायची आणि शाळेतून परस्पर बाचानकडे. रविवारी मी तिला मराठीत काही विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची. बायको हसून मला अर्थ सांगायची. बायकोला डबे भरता भरता भाषा आली होती. माझं जपानी मीटिंगपुरतं, नावापुढे सान लावून मान लववण्याइतकं. एकदा शाळेत मुलगी झोपाळ्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले. शाळेनं पहिला फोन बाचानला केला, कारण मुलीला पाठ असलेला नंबर तिचाच होता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आजी तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठून मला जागा द्यायला लागल्या, तर मुलीनं त्यांची बाही धरून ठेवली. मी हसलो. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "ती बाई आपल्या पोरीला तिच्या मेलेल्या पोरीच्या जागी बसवतेय."

"बसवू दे की," बायको म्हणाली. "तू पाचला घरी येत जा, मग आपण तिला तुझ्या मांडीवर बसवू."

मुलगी सात वर्षांची झाली त्या वर्षी आजींनी आमच्याकडे एक परवानगी मागितली. तिकडे सातव्या वर्षी मुलींना नोव्हेंबरात किमोनो घालून देवळात नेतात, फोटो काढतात. आजींनी आपल्या मुलीसाठी घेतलेला किमोनो कागदात गुंडाळून तसाच ठेवला होता. तो आमच्या मुलीनं घालावा अशी त्यांची इच्छा होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, मेलेल्या मुलीचे कपडे? बायको म्हणाली, "अरे, तिनं घातलेलेच नाहीत. नवे आहेत ते."

फोटोचा रविवार ठरला. त्याआधीच्या सोमवारी मला ताप होता, क्लायंटनं मास्क देऊन दुपारीच घरी पाठवलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. संध्याकाळी ताप उतरला होता आणि माझं डोकं अगदी शांत होतं. पाचच्या सुमारास मुलगी आली, किमोनो अंगावर लावून बघून. स्वेटरवर तो ब्रोच टाचलेला.

"बाबा, यात बाचानची मुलगी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिचे केस. आधी यात इंग्लंडच्या कुणाचे तरी होते. ब्राऊन. बाचानच्या नवऱ्यानं योकोहामाला जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणला. मग मुलगी मेली. मग बाचाननं इंग्लंडचे काढून कागदात घालून देवळात नेऊन दिले. आणि हिचे ठेवले. मी रविवारी लावणार आहे हा."

माझ्या आईच्या घरी फणीत अडकलेलं गुंतवळसुद्धा बोटाला गुंडाळून लगेच बाहेर टाकलं जायचं. जमिनीवर केस दिसला तर ती जेवायची नाही. माणूस गेलं की त्याचं सगळं त्याच्याबरोबर जळतं, केस तर जळतातच. मी हे सगळं मागे टाकलेला माणूस होतो, निदान ऑफिसात तसं सांगायचो. पण माझ्या मुलीच्या छातीवर मेलेल्या मुलीचे केस पाहून माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याला मी लगेच एक नाव दिलं. अशुद्ध. खरं नाव वेगळं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या मुलीला एक दुसरं घर होतं आणि त्या घरानं तिच्यावर आता शिक्का मारला होता.

मी ब्रोच काढून घेतला आणि तिला म्हणालो, जा, डोक्यावरून अंघोळ कर. ती म्हणाली, केस कालच धुतलेत. मी आवाज चढवला. ती गेली. ब्रोच परत द्यायचा आहे का, हे मी विचारलं नाही. तो देऊन टाकलेला आहे असंच मी धरून चाललो.

बाथरूममध्ये पाणी पडत होतं तेवढ्या वेळात मी चष्म्याच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरनं मागचं झाकण उचकटलं. वेणी हाताला लागू नये म्हणून ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ओढून काढली. एका टोकाला लाल रेशमाचा धागा बांधलेला होता. ती मी स्वयंपाकघरातल्या पिशवीत टाकली, चहाच्या चोथ्यावर. वर कांद्याची सालं सारली. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला हवं. नुसतं सुटल्यासारखं नाही, चांगलं वाटलं, कुणावर तरी मात केल्यावर वाटतं तसं.

आमच्याकडे मंगळवारी जळणारा कचरा उचलायचे. कचऱ्याच्या जागेवर कावळ्यांनी उकरू नये म्हणून जाळी असते, ती नीट पसरायची आणि गाडी गेल्यावर जागा झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराची. त्या आठवड्यात पाळी आजींची होती. सकाळी मला ट्रेन गाठायची घाई. आजी जाळी उचलून उभ्या होत्या. मी पिशवी ठेवायला वाकलो तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, तब्येत कशी आहे विचारलं, पिशवी स्वतः जाळीखाली ठेवली आणि जाळीवर वीट ठेवली. मी मान लववून स्टेशनकडे गेलो.

त्या संध्याकाळी बायको कामावरून आली आणि तिनं पहिलं हेच विचारलं की ब्रोच कुठे आहे. मुलीनं मला दाखवायला म्हणून हट्टानं आणला होता, आजी नकोच म्हणत होत्या, बायको म्हणाली. "त्यांच्या देवघराच्या कपाटात असतो तो, मुलीच्या फोटोपुढे. त्या रोज त्याच्याशी बोलतात. दे, आत्ताच नेऊन देते."

मी म्हणालो, पिन सैल झाली आहे, मी नीट करून देतो.

"तू?"

"एवढं येतं मला."

बुधवारी आजींनी मी पिन दुरुस्त करतोय म्हणून आभाराची टोपलीभर संत्री पाठवली. मी ती खाल्ली. त्याच दिवशी लवकर घरी येऊन मी मुलीला बाल्कनीत बसवलं, म्हणालो, फोटोसाठी कपाळावरचे केस जरा सारखे करू. पुढचे थोडे कापले, आणि मानेवरून, आतल्या बाजूनं, एक बट कापून रुमालात घेतली. तिचं जावळ पुण्याला केलं होतं तेव्हा ती माझ्या बहिणीच्या मांडीवर होती, एकही केस खाली पडू नये म्हणून चौघी जणी हात पसरून बसल्या होत्या. या वेळी एकटा मीच होतो. ती हसत होती, मानेला गुदगुल्या होतात म्हणून.

वेणी घालायला मी गुरुवार आणि शुक्रवारची जेवणाची सुटी वापरली. क्लायंटच्या रिकाम्या मीटिंग रूममध्ये, टेबलाला चिकटपट्टीनं एक टोक अडकवून. किती वेळा सुटली. मूळ केस जुने होऊन थोडे निस्तेज झालेले होते, हे चमकत होते. म्हणून मी ते चहाच्या पाण्यात भिजवून वाळवले. मुलीच्या शिवणाच्या डब्यातून लाल धागा आणला होता. शुक्रवारी वेणी काचेखाली बसली तेव्हा मला आनंद झाला, प्रोग्राममधला अवघड बग सापडल्यावर होतो तसा. मी ती खिडकीपाशी धरून दोन-तीनदा पाहिली.

शनिवारी मी स्वतः गेलो, भारतीय दुकानातून घेतलेल्या मिठाईचा डबा घेऊन. आजींनी ब्रोच दोन्ही हातांनी घेतला, पिन उघडून-मिटून पाहिली, आणि तो आत नेऊन फोटोपुढे ठेवला. छोटी घंटा वाजवली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग बाहेर येऊन त्यांनी माझ्यापुढे इतकं वाकून आभार मानले की मला त्यांच्या डोक्यातला भांग दिसला.

रविवारी माझी मुलगी लाल किमोनो घालून, स्वतःचेच केस छातीवर लावून फोटोला उभी राहिली. एका बाजूला बायको, एका बाजूला आजी. मी फोटो काढला. तिची वेणी घालताना बायकोला मानेवरचा खुंट दिसला होता. मी सांगितलं, च्युइंगगम अडकला होता.

हे असंच राहिलं असतं. जानेवारीत मुलीला फ्लू झाला, तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना झाला होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाच दिवस घरी ठेवा म्हणाले, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला तेव्हा ती झोपेत जपानीत बोलायला लागली आणि माझा धीर सुटला. मला दिसायला लागलं की तीन दारं पलीकडे एक बाई मेलेल्या माणसांच्या कपाटापुढे रोज उदबत्ती लावते आणि तिथे माझ्या जिवंत मुलीचे केस आहेत. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. टाकल्याचं, कापल्याचं, चहाचं. पिशवी कुणी हातातून घेतली ते नाही सांगितलं.

ती भात टाकत होती. तिनं गॅस बंद केला.

"तिथे रोज घंटा वाजते," ती म्हणाली. "माझ्या मुलीच्या केसांपुढे. दोन महिने."

"मी काय म्हणतो..."

"तू काहीच म्हणू नकोस. ते केस परत आण."

"काय सांगून आणू? मला तेवढी भाषा येत नाही. तू चल."

"मी त्या बाईंसमोर हे बोलणार नाही. मला त्यांना रोज तोंड दाखवायचंय." मग तांदळाचं भांडं बाजूला सारून म्हणाली, "पोरीला ने. तिला येतं. बरी झाली की ने."

आम्ही बराच वेळ बोललो. त्या मुलीचे केस गेले, ते आता कधीच येणार नाहीत, याबद्दल आम्हा दोघांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, मी सुटी घेतली आणि मुलीला घेऊन गेलो. तिला एवढंच सांगितलं होतं की बाबांना बाचानला काहीतरी सांगायचंय, तू जपानीत सांग. ती खूश होती. इतके दिवस तिला तिकडे जाऊ दिलं नव्हतं. आजींनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, तिला गरम दूध दिलं आणि मला चहा. आम्ही बुटक्या टेबलाशी बसलो. मी मराठीत बोलायचं आणि ती जपानीत सांगायची असं सुरू झालं.

"सांग, की ब्रोचमध्ये जे केस आहेत ते तुझे आहेत."

"माझे?"

"सांग."

तिनं सांगितलं. आजी हसल्या आणि मान हलवून काही बोलल्या.

"ती म्हणतेय नाही, ते तिच्या मुलीचे आहेत."

"सांग, तिच्या मुलीचे बाबांनी टाकून दिले. आणि तुझे घातले."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. दुधाची मिशी होती तिला. "कुठे टाकलेस?"

"ते नको. टाकले एवढंच सांग."

तिनं हळू आवाजात, एकेक शब्द नीट लावत सांगितलं. आजींनी पेला खाली ठेवला आणि एकच शब्द विचारला. तेवढं जपानी मला येत होतं. त्यांनीही तेच विचारलं होतं, कुठे.

"कचऱ्यात," मी म्हणालो. "सांग."

तिनं सांगितलं. कचऱ्यासाठी तिच्याकडे शब्द होता, कुठला जळणारा, कुठला न जळणारा ते याच घरात ती शिकली होती. मी 'कचऱ्यात' म्हणालो होतो, तिनं आपणहून 'जळणाऱ्या' जोडलं. तिला वाटलं असेल नीट सांगायला हवं.

आजी उठल्या. ब्रोच आणला. मी ज्या झाकणाशी स्क्रू-ड्रायव्हरनं झटलो होतो ते त्यांनी अंगठ्याच्या नखानं उघडलं. वेणी बाहेर काढून उजेडात धरली, मग माझ्या मुलीच्या डोक्याजवळ नेली, मग पुन्हा उजेडात. एक पांढरा कागद घेऊन त्याची पुडी केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवली. रिकामा ब्रोच मिटून फोटोपुढे ठेवला. घंटा वाजवली नाही.

मग त्या मुलीकडे वळून बोलू लागल्या. पुष्कळ वेळ, खालच्या आवाजात, तिच्याकडेच बघत. मुलगी मध्ये मध्ये हाय, हाय म्हणजे हो, हो म्हणत होती. संपल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, उद्यापासून येऊ नकोस." ती थांबली. "म्हणजे मी? उद्या बुधवार आहे. बुधवारी आम्ही पॅनकेक करतो."

"एवढं बोलली ती. आणखी काय म्हणाली?"

"बाकीचं मला मराठीत येत नाही."

बाकीचं काय होतं ते मला आजही माहीत नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मुलीनं माझा हात धरला. पुडी माझ्या दुसऱ्या हातात होती. "बाबा, मी चुकीचं सांगितलं का?" तिनं विचारलं. "म्हणून ती रागावली?"

मला नाही म्हणायला काही अडचण नव्हती. आजी समोर नव्हत्या. एका शब्दाचं काम होतं. पण बायको दारात उभी होती, ऐकत होती, आणि माझ्या मनात आलं की सगळंच माझ्या अंगावर कशाला. मी म्हणालो, "असेल. तू अजून लहान आहेस ना. काहीतरी उलटसुलट झालं असेल."

बायकोनं पुडी घेतली, उघडून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकलनं आराकावा नदीच्या काठाला जाऊन पाण्यात सोडून आली.

आता मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून त्या बुधवारी मी अर्धी सुटी टाकून घरी बसलो होतो. साडेतीनला तिचे बूट कॉरिडॉरमध्ये वाजले, आमच्या दाराशी आले नाहीत. मी दार किलकिलं केलं. ती आजींच्या दारापुढे उभी होती, पाठीवर दप्तर, पिवळी टोपी हातात. तिनं बेल दाबली. मग दाराशी तोंड नेऊन म्हणाली, मी काल चुकीचं सांगितलं, मला पुन्हा सांगू द्या. वाक्यं पाठ केलेली होती, वाटेत घोकली असतील. दोनच वाक्यं होती, मलासुद्धा कळली. आतून काही आवाज आला नाही, पण दिवा चालू होता. ती पुन्हा बेल दाबून तेच म्हणाली, या वेळी एक शब्द बदलून, जास्त आदराचा.

गुरुवारीही ती तशीच उभी होती. शुक्रवारीही. तेव्हाही अर्धी सुटी टाकून मी आतून ऐकत होतो. तिला आत बोलवायला मी गेलो नाही, कारण बोलावलं असतं तर तिनं विचारलं असतं, बाबा, आज मी बरोबर म्हणाले का?